येझदी, जाम घाट आणि नवा ग्रुप

मोटरसायकल एकट्यानंच चालवायची असं माझं कितीतरी वर्षं पक्कं होतं. इंदूरहून पहाटे निघायचं, जानापाव नाहीतर चोरल, मूड असला तर थेट मांडू, वाटेल तिथे थांबायचं आणि कुणासाठी खोळंबायचं नाही. त्यात गाडी बाबांनी घेतलेली येझदी रोडकिंग. म्हैसूरचा तो जावा-येझदीचा कारखाना 1996 ला बंद पडला पण आमची गाडी अजून पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये सुरू होते, सिंगल सिलिंडरला दोन सायलेन्सर, ज्या लिव्हरनं किक मारायची तीच खाली वळवली की गिअर, आणि पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण 40 मिली ऑइल मोजून टाकायचं, हे सगळं हाताला इतकं बसलंय की दुसऱ्या गाडीवर मला करमतच नाही.

ग्रुप म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे यायचे ते बायपासवर रात्री फटाके फोडणारे सायलेन्सर लावून फिरणारे. ते मला अजिबात पटत नाही, आजही नाही. म्हणून शेजारचा मुलगा पावसाळ्याच्या तोंडावर म्हणाला की काका आमच्याबरोबर एकदा जाम गेटला चला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं, पण तो सोडेना.

राऊला सगळे जमले. हिमालयन, ड्यूक, एक-दोन बुलेट, आणि एक नवी जावा. आमची लीड, म्हणजे सगळ्यात पुढे चालणारी, तिशीतली मुलगी, सुदामानगरची, मराठीच. तिनं माझ्या गाडीकडे नीट बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर "काका, दोन्हीकडे ड्रम ब्रेक ना? मग तुम्ही माझ्या मागे, दुसऱ्या नंबरवर." मला वाटत होतं जुन्या गाडीला शेवटी टाकतील. तर नाही, तिचं म्हणणं असं की सगळ्यात हळू गाडी लीडच्या आरशात दिसली पाहिजे म्हणजे लीड आपोआप तिच्या वेगानं चालतो, शेवटी टाकली की ती बिचारी गाठायला म्हणून जास्त पळवते आणि तिथेच घोळ होतो. आणि माझ्या मागच्याला तिनं बजावलं की काकांना डबल गॅप दे, तुझा एबीएस आहे (म्हणजे ब्रेक जोरात मारला तरी चाक लॉक होत नाही), त्यांचा नाही. तिथेच मला हा ग्रुप आवडला, खरं सांगतो.

बाकीचे नियमही मला नवीन होते. सरळ रस्त्यावर पुढची गाडी लेनच्या उजवीकडे, मागची डावीकडे, तिसरी परत उजवीकडे, म्हणजे प्रत्येकाला पुढचं दिसतं आणि ब्रेक मारायला जागा मिळते. घाट लागला की मात्र एकामागे एक. वळण आलं की लीडच्या मागचा तिथे थांबतो आणि शेवटचा माणूस, ज्याला हे स्वीप म्हणतात, तो येईपर्यंत हलत नाही. महूमध्ये तो थांबणारा मीच होतो, एकेक गाडी हात करून पुढे जात होती आणि मला फार बरं वाटत होतं.

जाम गेट म्हणजे माळव्याचं पठार जिथे संपतं ती कड, अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा, त्याच्या खाली निमाड आणि पुढे मंडलेश्वर, महेश्वर. ढग इतके खाली आले होते की दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसलाच नाही. तिथे चहा पिताना पोरांनी विचारलं की घाट उतरताना तुम्ही मधेच क्लच दाबून रेस का देता. मग मी बसून सांगितलं. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं, इंजिनात खालीच भरलेलं, म्हणून उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरवर गाडी रोखली तरी चालतं. येझदी टू-स्ट्रोक, तिच्यात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन तर उतारामुळे जोरात फिरतच असतं. लांब उतारावर असंच ठेवलं तर पिस्टन सीझ होऊ शकतो, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसतो. म्हणून अधूनमधून रेस द्यायची, पिस्टनला ऑइल मिळतं. पण मग गिअरचा आधार कमी पडतो, सगळा भार ड्रमवर येतो आणि ड्रम तापले की पकड सुटते, त्यामुळे आधीच वेग कमी ठेवायचा. लीड लगेच म्हणाली, म्हणजे काका उतारावर वेग तुम्ही ठरवायचा, आम्ही मागे. आणि खाली मंडलेश्वरपर्यंत खरंच सगळे माझ्या वेगानं आले, एकानंही हॉर्न वाजवला नाही!

नव्या जावावाला मुलगा पिथमपूरला नोकरीला आहे. 2018 ला जावा परत आली ती तिथेच बनते, आपल्या इंदूरच्या उंबरठ्यावर, आणि 2022 ला येझदी नावही परत आलं. त्याच्या गाडीलाही दोन सायलेन्सर आहेत पण इंजिन फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, 293 सीसी. आम्ही दोन्ही गाड्या शेजारी लावून बराच वेळ नुसत्या बघत बसलो, एकमेकांच्या चालवूनही पाहिल्या. त्याची स्मूद आहे, ताकदही कितीतरी जास्त. पण माझ्या गाडीवरून उतरल्यावर तो जे हसला ना!

आता जुलैचा दुसरा रविवार येतोय, जावा-येझदी डे. आम्ही सकाळी राऊलाच भेटणार आहोत, पोहे-जलेबी खाऊन महूपर्यंत जायचं आणि परत, फार लांब नाही. इंदूरमध्ये ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची येझदी जिन्याखाली झाकून ठेवलेली आहे त्यांनी गाडी बंद असली तरी या, कार्बोरेटर आणि ठिणगी देणारे पॉइंट साफ करून ती सुरू कशी करायची ते मी तिथेच दाखवतो, आणि रिकामी सीट कुणाच्या ना कुणाच्या मागे मिळेलच.