समंतभद्राचं पान मिळालं! (जपानी ठसेछपाई, संग्रहाची नोंद)

माझ्याकडच्या, जुन्या चित्रांच्या जपानी वुडब्लॉक (लाकडी ठशांनी छापलेल्या) प्रतिकृतींमध्ये यंदा मोजकीच भर पडली, पण समंतभद्र बोधिसत्त्वाचं सुटं पान हाती आलं म्हणून वर्ष सार्थकी लागलं. मूळ चित्र बाराव्या शतकातलं, रेशमावरचं, टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं. पांढऱ्या हत्तीवर हात जोडून बसलेला बोधिसत्त्व (जपानीत फुगेन) आणि वरून पडणारी फुलं.

पानावर प्रकाशकाचं नाव नाही, म्हणून आधी ते उलटं करून पाहिलं. रंग कागदातून मागे झिरपलेला आहे आणि तिरप्या उजेडात बारेन (ठशावर ठेवलेला कागद दाबून घासायची चकती) घासल्याच्या वळणदार रेघा दिसतात. म्हणजे छपाई हातची, लाकडी ठशांची. कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून होणारी फोटोछपाई) असतं तर भिंगाखाली जिलेटिनचे बारीक, वेडेवाकडे कण दिसले असते. ही खात्री करावीच लागते, कारण ओकाकुरा आणि ताकाहाशी यांनी 1889मध्ये काढलेल्या ‘कोक्का’ या जपानी कलामासिकात कोलोटाइप आणि वुडब्लॉक दोन्ही प्रकारची चित्रं असत.

मला सगळ्यात भावतं ते कोरणाऱ्याचं काम. त्याने बोधिसत्त्वाच्या रेषा कोरल्याच, पण काळपटलेलं रेशीम आणि उडालेला रंगही कोरला. रंगागणिक वेगळा ठसा, आणि प्रत्येक वेळी कागद केंतोच्या (ठशावरच्या जुळवणीच्या खुणेच्या) खाचेत तंतोतंत बसवायचा. हत्तीच्या कानाशी तीन करडे थर एकमेकांवर आलेत, पण कड कुठेच सुटलेली नाही. अशा पानाला ‘नुसती कॉपी’ म्हणणं मला पटत नाही.

आपल्यासाठी तर यात जवळचा धागा आहे. ‘कोक्का’साठी जुन्या चित्रांच्या नकला करणारा चित्रकार अराई काम्पो 1916मध्ये भारतात आला आणि पुढे अजिंठ्याला राहून त्याने तिथली भित्तिचित्रं उतरवून घेतली. त्या नकला 1923च्या भूकंपानंतरच्या आगीत टोकियोत जळाल्या. अजिंठ्यासमोर बसलेला हात याच परंपरेत तयार झाला होता, हे मला फार मोठं वाटतं.

पावसाळ्यासाठी पान आम्लमुक्त कागदात घालून आडवं ठेवलंय. फ्रेम नाही, चिकटपट्टी तर अजिबात नाही. आता शोध शिंबी शोइन या जपानी प्रकाशनसंस्थेच्या छापाचा. कुणाकडे त्यांचं पान असेल तर मागच्या बाजूचा, तिरप्या उजेडातला फोटो जरूर दाखवा, माझ्या पानाशी ताडून बघायचाय.