तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेक नसलेल्या गाडीवर बसणारी माणसं

जुन्या मोटरसायकल शर्यतींचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘त्या गाड्यांना ब्रेकच नव्हते म्हणता, मग त्या चालवणारे वेडेच असणार ना?’ नाही, वेडे नव्हते. आणि हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर त्या काळचा अमेरिकेतला मोटरसायकल शर्यतपटू जेक डी रोझिए असतो.

आधी ब्रेकचं बघू. 1910 साली अमेरिकेत जॅक प्रिन्स नावाच्या माणसाने लॉस एंजेलिसजवळ प्लाया देल रे इथे मोटर शर्यतींसाठी लाकडी धावपट्टी उभी केली. परातीसारखी गोल, कडा वर उचललेल्या, एका फेरीला एक मैल. पुढे शहराशहरांत असे ‘मोटरड्रोम’ निघाले, पण जागा कमी म्हणून पाव मैल किंवा तिसरा हिस्सा मैलाचे. फेरी जितकी लहान तितका उतार उभा. अशा उतारावर चारपाच गाड्या हातभर अंतराने धावत असताना एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सगळे त्याच्यावर येऊन आदळणार. ब्रेक नसणं हीच तिथली सोय होती. वेग सांभाळायचा तो इंजिनाचं प्रज्वलन, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी, तोडून आणि जोडून. इंजिनात घातलेलं तेल वापरून झालं की बाहेर पडायचं, ते फळ्यांवर सांडायचं, आणि त्या निसरड्या लाकडावर ताशी 80-90 मैलांनी जायचं. पडलात तर फळ्यांच्या ढलप्या अंगात घुसायच्या. धोका होता तो धावपट्टीत, आणि ती धावपट्टी चालकांनी बांधलेली नव्हती.

आता डी रोझिए. जन्म 1880, कॅनडाच्या क्वेबेकमध्ये. तो लहान असतानाच घरचे मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला आले. कापडगिरण्यांचं गाव, आणि क्वेबेकहून कामासाठी आलेली अशी कितीतरी कुटुंबं तिथे होती. त्याने सुरुवात सायकल शर्यतींत केली. त्या काळी सायकलपटूंच्या पुढे वारा अडवायला एक मोटर लावलेली सायकल धावायची. ती चालवता चालवता तो मोटरसायकलींकडे आला. इंजिनाच्या आवाजात वाढलेला हा पहिल्या पिढीतला गडी. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्याच स्प्रिंगफील्डच्या ‘इंडियन’ या मोटरसायकल कंपनीसाठी शर्यती जिंकणं हेच त्याचं काम झालं, आणि 1911च्या सुरुवातीला अमेरिकेतले व्यावसायिक चालकांचे बहुतेक विक्रम त्याच्या नावावर होते. तो पातळ तंग विजार आणि साधे बूट घालून शर्यतीत उतरायचा. आजचं कातडी चिलखत तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

त्या वर्षीचा त्याचा इंग्लंडचा दौरा मला फार आवडतो. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आईल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यती 1911 साली पहिल्यांदाच डोंगरावरच्या, सदतीस मैलांहून लांब रस्त्यावर झाल्या. लाकडी वर्तुळात डावीकडे वळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खडी, चढ, दोन्हीकडची वळणं नवी होती. तरी पहिल्या फेरीला तोच पुढे होता! मग तो पडला, गाडी बिघडली, आणि बाहेरची मदत घेतल्याबद्दल बाद ठरला. त्या दिवशी सीनियर, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या गाड्यांच्या, शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक इंडियनच्या गाड्यांनी घेतले. गॉडफ्री, फ्रँकलिन, मूरहाऊस. या यादीत डी रोझिए नाही म्हणून लोक त्याला विसरतात. ते बरोबर नाही.

कारण काही दिवसांतच इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर त्याची गाठ ‘मॅचलेस’च्या चार्ली कॉलियरशी पडली. इंग्लंडचा सर्वांत वेगवान माणूस, स्वतःच्या घरच्या कारखान्याची गाडी. दोघेच, तीन शर्यती. पहिली डी रोझिएने अगदी थोडक्या अंतराने मारली. दुसरीत त्याच्या टायरने दगा दिला आणि कॉलियर जिंकला. तिसरी दहा फेऱ्यांची. तीत कॉलियरच्या इंजिनाची तार निघाली, त्याने ती जोडली, पण तोवर डी रोझिए निसटला होता. दोन विरुद्ध एक. माझ्या लेखी मोटरसायकल शर्यतींच्या पहिल्या दशकातली ही सर्वांत सुंदर लढत. ती जिंकणारा माणूस डोकं फिरलेला कसा असेल? टायर, तेल, समोरच्याचा दम, सगळ्याचा हिशोब ठेवल्याशिवाय असं जिंकता येत नाही.

परतल्यावर इंडियनशी त्याचं बिनसलं आणि तो ‘एक्सेलसियर’ या दुसऱ्या मोटरसायकल कंपनीकडे गेला. मार्च 1912 मध्ये लॉस एंजेलिसच्या लाकडी धावपट्टीवर चार्ल्स बाल्कशी शर्यत करताना दोघांची टक्कर झाली. डी रोझिएचा पाय पार मोडला. तो त्या दिवशी मेला नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. जवळजवळ वर्षभर तो झगडत राहिला. प्रतिजैविकं येण्याआधीचा तो काळ, चिरडलेला पाय तेव्हा जीव घ्यायचा. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि 25 फेब्रुवारी 1913 रोजी स्प्रिंगफील्डमध्ये तो गेला. त्याची अंत्ययात्रा इंडियनच्या कारखान्यावरून गेली तेव्हा मालक हेंडी यांनी काम थांबवून झेंडा अर्ध्यावर आणायला सांगितलं. मान दिला, हे खरंच. पण ज्या कंपनीसाठी त्याने विक्रम केले, तिचं नातं त्याआधीच संपलेलं होतं.

मधल्या काळात, सप्टेंबर 1912 मध्ये, नेवार्कच्या मोटरड्रोमवर एडी हाशाची गाडी कठड्यावर चढली. हाशा आणि जॉनी अल्ब्राइट हे दोन चालक गेले. त्यांच्याबरोबर वरून वाकून बघणारे सहा प्रेक्षकही गेले, त्यांत बरेच पोरसवदा. वर्तमानपत्रं या धावपट्ट्यांना ‘मर्डरड्रोम’ म्हणू लागली. बाल्कही 1914 साली शिकागोला सराव करताना मरण पावला. पुढे एक मैलापेक्षा लहान लाकडी धावपट्ट्यांवरच्या शर्यती बंद झाल्या. म्हणजे दोष कशात होता हे शेवटी शर्यती भरवणाऱ्यांनीही मान्य केलं, पण किती माणसं गेल्यावर!

तो खेळ मात्र पुरता संपला नाही. धावपट्टी आणखी लहान होत गेली, उतार पार उभा झाला, आणि तिची लाकडी विहीर बनून जत्रांतून फिरू लागली. आपल्याकडच्या जत्रेतला ‘मौत का कुआँ’ याच घराण्यातला. प्रेक्षक आजही तसेच वरच्या कडेला उभे राहून खाली बघतात. तिथे गाडी चालवणाऱ्या पोरांबद्दलही मला ‘वेडे आहेत का हो?’ असंच विचारतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की त्या पोरांना रोजाचे किती मिळतात आणि पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण करतं, हे आधी विचारून या.