तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यायचाय, एरिया कोणता बघू?

हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. पैसे जमलेत, लोनचं बोलून झालंय, दोन एरिया डोक्यात आहेत, आता ताईने फक्त एकावर बोट ठेवायचं बाकी. मी उलटं विचारते, भाडेकरू कोण असणार? तर म्हणतात कोणीही असेल की, भाडं वेळेवर दिलं म्हणजे झालं.

घोळ इथेच आहे, कारण "कोणीही" नावाचा भाडेकरू नसतो. हॉस्पिटलात शिफ्ट ड्युटी करणाऱ्या दोघीजणी असतात, त्यांना रात्री अकराला परत येताना रस्त्यावर दिवे आणि माणसं हवी असतात. कॉलेजची पोरं असतात, त्यांना बस आणि कमी भाडं एवढंच दिसतं, वर्ष संपलं की जातात आणि तुम्ही परत रंग काढत बसता. शाळेत जाणारी मुलं असलेलं कुटुंब भाव करतं, दहा गोष्टी विचारतं, पण एकदा शाळेत नाव घातलं की वर्षानुवर्षं हलत नाही. तुम्हाला यातलं कोण झेपणार आहे ते आधी ठरवा, मग एरिया आपोआप दोन-तीनांवर येतो. तुम्हाला स्वतःला तिथे राहायला आवडेल का, याचा इथे फारसा संबंध नाही. बाल्कनीतून दिसणाऱ्या झाडांचे पैसे तुम्ही मोजणार, भाडेकरू त्यासाठी भाडं वाढवून देईलच असं नाही.

आता आकडे, कारण सगळे "रिटर्न किती" वर येऊन थांबतात. समजा एका चांगल्या, महागड्या एरियात जागेची किंमत १०० आणि वर्षाचं भाडं ३.५, म्हणजे साडेतीन टक्के. दुसऱ्या स्वस्त एरियात किंमत ६० आणि भाडं ३.६, म्हणजे सरळ ६ टक्के. कागदावर दुसराच भारी, आणि एजंट तेवढंच सांगतो. पण पहिला फ्लॅट वर्षात पंधरा दिवस रिकामा राहतो आणि दुसरा दोन महिने, असं धरा. पहिल्यात मेंटेनन्स, टॅक्स, दुरुस्तीचे ०.९ गेले की हातात साधारण २.४५ उरतात. दुसऱ्यात भाडंच ३ येतं, सारखे भाडेकरू बदलतात म्हणून खर्च १.२, राहिले १.८, म्हणजे ६० वर ३ टक्के. अडीच टक्क्यांचा फरक अर्ध्या टक्क्यावर आला, आणि अजून एक महिना रिकामा गेला तर तोही संपला. एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८ टक्के गेले, आणि त्या महिन्यात ईएमआय काही थांबत नाही. म्हणून एरियात भाडं किती मिळतं याच्याआधी मी विचारते की फ्लॅट रिकामा झाला की किती दिवसांत भरतो.

हे कळणार कसं? सोपं आहे, भाडेकरू बनून जा. खरेदीला गेलात की एजंट म्हणतो इथे फ्लॅट टिकतच नाहीत, आठवड्यात जातात. त्याच एरियातल्या दुसऱ्या एजंटला फोन करून भाड्याने हवाय म्हणा, तो म्हणेल या की, सहा-सात आहेत दाखवायला, मालकाशी बोलून कमी पण करून देतो. झालं, उत्तर मिळालं. जाहिराती सेव्ह करून ठेवा आणि तीन आठवड्यांनी परत बघा, तोच सोफा, तोच पडदा, तेच फोटो आणि भाडं थोडं उतरलेलं दिसलं की समजायचं. आणि कामाच्या दिवशी रात्री आठ-साडेआठला बिल्डिंगखाली उभं राहून वर बघा, किती खिडक्यांत दिवे आहेत. मग लेटरबॉक्स बघा, पत्रं कोंबून बाहेर आलेली असतील तर त्या घरात कोणी राहत नाही. वॉचमन गप्पिष्ट निघाला तर बाकीचं तो सांगतो.

आजूबाजूला मोकळे प्लॉट किती आहेत तेही मोजा. लोकांना नवीन एरिया म्हणजे वाढणारा एरिया वाटतो, पण प्रत्येक मोकळा प्लॉट म्हणजे उद्याचे शे-दोनशे फ्लॅट, आणि त्यातले बरेच तुमच्यासारखेच भाड्याने द्यायला घेतलेले, सगळ्यांचं पझेशन एकाच महिन्यात. अमेरिकेत ऑस्टिनला हेच झालं, लोक तिथे येतच होते, तरी बांधकाम इतकं झालं की २०२२ नंतर भाडी उतरली. मागणी असूनही भाडं पडतं ते असं.

एकाच ऑफिसपार्कच्या जिवावर चालणारा एरियापण मला नको वाटतो. २०२० मध्ये ऑफिसं घरी गेली तेव्हा न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांच्या मधल्या भागातली भाडी घसरली होती. हॉस्पिटल, कॉलेज, ऑफिस, स्टेशन यातलं निदान दोन तरी जवळ असलेलं बरं.

जवळ म्हणजे मात्र खरंच जवळ. "स्टेशनपासून पाच मिनिटं" ही पाच मिनिटं कोणाची ते विचारा. जपानमध्ये घराच्या जाहिरातीत ८० मीटरला १ मिनिट असाच हिशोब धरायचा नियम आहे, आणि त्यातही सिग्नलला थांबणं आणि चढ धरलेला नसतो. तुम्ही सकाळी गर्दीच्या वेळी स्वतः चालून बघा, मोठा रस्ता ओलांडावा लागतो का ते बघा.

एरिया पास झाला तरी सोसायटी नापास होऊ शकते हं. भाडेकरू ठेवण्याबद्दल काय नियम आहेत, फंडात पैसे आहेत का, लिफ्ट बदलायला आली असेल तर तो खर्च कोणाच्या डोक्यावर, हे टोकन द्यायच्या आधी विचारायचं. पाहुण्यांना चार-चार दिवस देऊन जास्त कमवू असा प्लॅन असेल तर तो नियमांवरच टांगलेला असतो. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला नोंदणी आणि घरमालकाने तिथेच राहण्याची अट लावली, बार्सिलोनाने तर नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटची लायसन्सच बंद करायचं जाहीर केलंय. साध्या लांब मुदतीच्या भाड्यात हिशोब बसत नसेल तर मी तो फ्लॅट सोडून देते.

तर तुमच्या दोन एरियांपैकी कोणता? माझा कल नेहमी कंटाळवाण्या, भरलेल्या, मधल्या भावाच्या एरियाकडे असतो, जिथे प्लॉट शिल्लक नाहीत आणि शाळेच्या वेळेला रस्त्यावर रिक्षांची गर्दी होते. दोन्ही सारखेच वाटले तर तुमच्या घरापासून जवळचा घ्या, बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं की रविवारी दुपारी तुम्हालाच प्लंबर घेऊन जायचंय.