डॅन्यूब अपडेट: हँगर, तार, करंगळी आणि हरवलेला नवरा

मंडळी, मागच्या नोंदीत जूनमधला सराव, पॅनिअरची (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांची) खरेदी आणि विमानासाठी सायकलची खोकी मिळवायची खटपट इथपर्यंत आले होते. आता डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवरून पासाऊ ते व्हिएन्ना झालं. दोन्ही सायकली घरी आल्यात, आम्ही दोघंही आलोय, आणि नवऱ्याचा गुडघा व माझी करंगळी सोडली तर बाकी सगळं जागेवर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी जायचं म्हणताय, म्हणून काय काय मोडलं आणि काय करून निभावलं तेवढंच सविस्तर लिहिते.

रूट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या सायकलमार्गाचा हा सर्वांत गाजलेला तुकडा, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. जर्मनीतल्या पासाऊहून निघायचं आणि नदीच्या प्रवाहाबरोबर ऑस्ट्रियात व्हिएन्नापर्यंत जायचं. रस्ता जवळजवळ सपाट, बहुतेक ठिकाणी गाड्या नाहीत, वारा सहसा पश्चिमेचा म्हणजे पाठीवर. नदीचे किलोमीटर मुखापासून उलटे मोजलेले असतात, त्यामुळे काठावरच्या पाट्यांवरचा आकडा आपण जाऊ तसा कमी होत जातो: पासाऊला २२२६, लिन्झला २१३५, व्हिएन्नाच्या राइख्सब्रुकं पुलाशी १९२९. सगळे याला नवशिक्यांचा रूट म्हणतात. मला ते पटलेलं नाही. मुंबईत तयार झालेल्या सायकलवाल्याला घाटापेक्षा हा सपाट रस्ता जड जातो. का, ते करंगळीच्या प्रकरणात येईलच.

सुरुवात खोक्यापासून. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) काढून बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधला होता, फोर्कमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घातला होता, टायरमधली हवा कमी केली होती. तरी म्युनिकला माझं खोकं बेल्टवर आलं ते एका कोपऱ्यात चांगलं आत दबून. सायकल जोडली, गिअर टाकले, आणि चेन मधल्या तीन दातऱ्यांच्या पलीकडे जायला तयार नाही. डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो हँगर वाकला होता. हा तुकडा मऊ अॅल्युमिनिअमचा असतो तो मुद्दामच, मार बसला तर त्याने वाकावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. नवऱ्याच्या सायकलचा जादा हँगर सोबत होता, माझ्या मॉडेलचा मुंबईत महिनाभर शोधूनही मिळाला नव्हता.

पासाऊला पोचलो शनिवारी संध्याकाळी. रविवारी तिकडे दुकानं बंद. सायकलचं सोडा, वाण्याचंही बंद. मग दिवसभर पायी भटकलो. तिथे तीन नद्या मिळतात: डॅन्यूब, हिरवट पांढुरकी इन आणि काळसर इल्झ. पण मी जास्त वेळ उभी राहिले ती टाऊन हॉलच्या भिंतीपाशी. जुन्या पुरांच्या खुणा आणि सालं तिथे कोरून ठेवलीत. २०१३ च्या पुरात पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतरचं सर्वांत जास्त. नवरा म्हणाला, "२६ जुलैची अशी खूण आपल्या बिल्डिंगला हवी होती." आमची बिल्डिंग मध्यंतरी दोनदा रंगवून झाली, खूण कुठली राहायला.

सोमवारी मेकॅनिकने गेज लावून दहा मिनिटांत हँगर सरळ केला आणि वर सांगितलं, आता पुन्हा वाकला तर सरळ करू नका, तुटेल. तेव्हा माझा पहिला सल्ला: स्वतःच्या मॉडेलचा हँगर हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

श्लोगेनला नदी जवळजवळ उलटी फिरते. उत्तर काठाने आलात तर त्या वळणात काठावरचा रस्ता संपतो आणि सायकल होडीत घालावी लागते. आम्ही धक्क्यावर पोचलो आणि विजा सुरू झाल्या, होडी बंद. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं आणि इ-बाइकवाली सत्तरीची जर्मन मंडळी. त्यांच्याकडे थर्मास, केक, घडीच्या खुर्च्या. आमच्याकडे भडंग. अदलाबदल झाली. भडंगातला लसूण एका आजोबांना इतका आवडला की नवऱ्याने पुडीच देऊन टाकली, आणि पुढे व्हिएन्नापर्यंत तो त्या पुडीची आठवण काढत बसला.

आता करंगळी. मुंबईत आपण हँडलवर एकाच जागी सलग किती वेळ हात ठेवतो? पहाटे मरीन ड्राइव्हला गेलं तरी सिग्नल आहेत, आरेत खड्डे आणि म्हशी आहेत, घोडबंदरला रिक्षा आहेत. येऊरच्या चढाला आपण उभे राहून मारतो, उतारावर पाय आणि हात दोन्ही सैल सोडतो. सी लिंक आणि अटल सेतू सायकलला बंद. म्हणजे शरीराला दर दोन-चार मिनिटांनी आपोआप सुट्टी मिळते, आणि आपल्याला वाटतं दम वाढला म्हणजे तयारी झाली. डॅन्यूबवर ती सुट्टी नाही. दोन-दोन तास सिग्नल नाही, उतार नाही, ब्रेकला हात लावायचं कारण नाही. पॅडल थांबलं की सायकल थांबली. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून अल्नर नर्व्ह जाते, सगळा भार तिच्यावर. दुसऱ्याच संध्याकाळी अनामिका आणि करंगळी बधिर झाल्या. लिन्झला तर खोलीच्या दाराची किल्ली अंगठ्याच्या चिमटीत धरून फिरवता येईना. किल्ली निसटायची, मी पुन्हा लावायची, पुन्हा निसटायची. शेवटी दोन्ही हातांनी फिरवली.

उपाय त्याच रात्री केला. स्टेमवरचे (हँडल धरणाऱ्या भागावरचे) स्पेसर, म्हणजे कड्या, खाली घेऊन हँडल वर चढवलं. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे अंग पुढे घसरून भार हातांवर येत होता, ते सपाट केलं. मग नवऱ्याचा अंघोळीचा पंचा घेतला, कात्रीने चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या, त्या ओल्या करून ग्रिपवर घट्ट गुंडाळल्या आणि वर काळी इन्सुलेशन टेप. दिसायला भयंकर, पण जेल ग्लोव्हजनी जे झालं नव्हतं ते पंचाने केलं. शिवाय दर पंधरा मिनिटांनी हात सोडून बोटं मिटायची-उघडायची. नवऱ्याने फोनवर गजर लावला होता, वाजला की मागून ओरडायचा, "बोटं!"

लिन्झ सोडल्यावर त्याच्या मागच्या चाकातून टण्ण आवाज. तार गेली, तीही गिअरच्या बाजूची. सगळं वजन मागच्या कॅरिअरवर असलं की हे होतंच. त्या बाजूची तार कॅसेट (मागच्या दातऱ्यांचा संच) काढल्याशिवाय बसत नाही, आणि चेन-व्हिप (ती काढायचं हत्यार) कोण बरोबर नेतं? तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, आजूबाजूच्या दोन तारा अर्धा-अर्धा आटा सैल करून चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, बराचसा काढला. डिस्क ब्रेक असल्यामुळे उरलेला आऊट चालून गेला. त्याची एक पॅनिअर माझ्या कॅरिअरवर आली आणि हळूहळू माउथहाउझेन गाठलं. दुरुस्ती होईपर्यंत गावावरच्या टेकडीवर गेलो. १९३८ ते १९४५ तिथे नाझींची छळछावणी होती, आता स्मारक आहे. कैद्यांना पाठीवर दगड देऊन ज्या १८६ पायऱ्या चढायला लावत त्या खाणीकडे बघून आलो. उतरताना दोघंही काही बोललो नाही.

ग्राइनच्या पुढे इब्स-पर्सनबॉइगला ऑस्ट्रियातलं डॅन्यूबवरचं सर्वांत जुनं वीजकेंद्र आहे, १९५९ साली पूर्ण झालेलं. त्याच्यावरून सायकल पलीकडच्या काठाला नेता येते. आणि मार्ग दोन्ही काठांनी आहे. ग्लोव्ह नीट करायला मी झाडाखाली थांबले. वर बघते तर नवरा नाही. पुढे गेला असेल म्हणून मी उत्तर काठाने दामटत निघाले. बऱ्याच वेळाने मारबाख आलं, टेकडीवर मारिया टाफर्लच्या चर्चचे दोन मनोरे दिसायला लागले, तरी हा नाही. रोमिंग पॅक त्याच्या फोनवर, मी त्याच्या हॉटस्पॉटवर. आणि नवऱ्याचा नंबर मला पाठ नाही. तुम्हाला आहे का?

गेस्टहाऊसच्या बाईंनी फोन दिला. पाठ होता तो एकच नंबर, आईच्या दादरच्या लँडलाइनचा. तिकडे दुपारचे तीन वाजून गेलेले, म्हणजे तिच्या झोपेची वेळ.

"कोण बोलतंय?"

"आई, मी. अगं, हा हरवलाय."

"हा कोण?"

"हा म्हणजे तुझा जावई!"

"अगं बाई. शेवटचे कुठे दिसले?"

धरणापाशी म्हटल्यावर तिचा आवाज बदलला, मग मी घाईघाईने सांगितलं की बुडाला नाहीये, चुकलाय. "थांब, डायरी आणते." आमचे सगळे नंबर अजून तिच्या फोनच्या डायरीत हाताने लिहिलेले आहेत. पाच मिनिटांनी तिचाच उलटा फोन गेस्टहाऊसवर. ते पलीकडच्या काठावर आहेत, पुढचा पूल येईल तिथे दोघांनी मधोमध थांबायचं आणि आता इकडेतिकडे करायचं नाही.

नवऱ्याची बाजू अशी. नारिंगी डेकॅथलॉन जॅकेट धरणावर चढताना दिसलं, तो मागोमाग गेला. ते जॅकेट निम्म्या युरोपाकडे आहे हे त्याला माहीत नव्हतं. पलीकडे उतरून तो कितीतरी वेळ त्या जॅकेटच्या मागे चालवत होता, आणि गजर वाजला तेव्हा नेहमीसारखा "बोटं!" म्हणून ओरडला. पुढची बाई दचकून थांबली. साठीच्या, चष्मा लावलेल्या. तो सॉरी सॉरी करतोय तोवर सासूबाईंचा फोन: "अहो, तुम्ही डाव्या काठावर की उजव्या?"

पुढचा पूल प्योख्लार्नचा. मी पोचले तेव्हा नवरा मधोमध उभा, कठड्याला सायकल टेकवलेली, शेजारी त्या बाई. गोष्टीचा शेवट बघायला म्हणून त्या थांबल्या होत्या. "मला वाटलं तू पुढे आहेस," तो म्हणाला. मी म्हटलं, "मी पुढेच होते, नदीच्या या बाजूला." बाईंना भाषेचं अक्षर कळलं नसेल, पण हसल्या मात्र बरोबर ठिकाणी.

मेल्कचा पिवळा मठ आणि वाखाऊचं खोरं यांवर मी काय लिहू, २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. जुलैत गेलात तर जर्दाळूचा हंगाम असतो. तिथला जर्दाळूचा क्न्योडेल म्हणजे पुरणाऐवजी आत अख्खं फळ कोंबलेला उकडीचा मोदक समजा, वर तुपाऐवजी लोण्यात परतलेला पावाचा चुरा. आम्ही किलोभर जर्दाळू घेऊन पॅनिअरमध्ये टाकले आणि ड्युर्नश्टाइनच्या दगडी गल्लीत त्यांचा मुरांबा झाला, चार्जरसकट. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात ज्या किल्ल्यात कैद होता तो वर दिसतो. चढलो नाही, चार्जर धूत होतो.

व्हिएन्नात शिरताना ट्रामचे रूळ. मुंबईची ट्राम १९६४ ला बंद झाली, आपल्या पिढीला सवयच नाही. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे, पाऊस असेल तर उतरून. नवरा पार्क केलेली गाडी चुकवायला तिरका वळला, पुढचं चाक खाचेत गेलं आणि तो आडवा. वेग नव्हता म्हणून गुडघ्याच्या सालपटावर निभावलं. मागून येणारी ट्राम शांतपणे थांबली, चालकाने घंटी वाजवली नाही की खिडकीतून कोणी काही बोललं नाही. "दादर टीटीला असतो तर निदान चार जणांनी उचलून शिव्या दिल्या असत्या," असं तो उठताना म्हणाला.

सध्याची स्थिती. परळच्या मिस्त्रीने नवऱ्याचं मागचं चाक उघडलं तर आणखी दोन तारा कोपरात चिरलेल्या निघाल्या. आता ३२ ऐवजी ३६ तारांचं चाक बांधून झालंय, हब (चाकाचा मधला भाग) नवा घ्यावा लागला. पुढे कॅरिअर बसवलाय, म्हणजे वजन वाटलं जाईल. माझ्या सायकलचा हँगर अखेर ऑर्डर केला, दोन नग. करंगळीला अजून मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात नर्व्ह सावकाश बरी होते, तोवर आरेत छोट्या चकरा. गणपतीनंतर पाऊस ओसरला की भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून रेवदंडा करत मुरूड, दोन्ही सायकलींवर पूर्ण लोड टाकून.

एक विचारायचं होतं. ३५ मिमी टायरवर लोड घेऊन जाणारे मागे प्रेशर किती ठेवता? मिस्त्री ७० पीएसआय म्हणतोय, मला ६० पुरे वाटतं. नवरा म्हणतो आधी पंप शोधूया, तो बहुतेक व्हिएन्नातच राहिलाय.