तुम्ही विचारलंत म्हणून: ती राणी होती का?

‘ताई, म्हणजे ही लाकोटांची झाशीची राणीच की!’ मूव्हिंग रोब वुमनची, म्हणजे अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी जमातीतल्या एका लढवय्या बाईची, गोष्ट सांगून झाली की हमखास कुणीतरी असं म्हणतं. मनात कौतुकच असतं, ते मला कळतं. तरी मी मान हलवते. तिला ना गादी होती, ना फौज.

२५ जून १८७६. अमेरिकेच्या माँटानातली लिटल बिगहॉर्न नदी. लाकोटांनी तिला दिलेल्या नावाचं इंग्रजी रूप ग्रीसी ग्रास. बाविशीच्या आसपासची ही लाकोटांच्या हंकपापा गटातली मुलगी छावणीपासून लांब माळावर अ‍ॅशच्या टोकदार काठीनं कंद खणत होती. लाकोटा बाया हे कंद सोलून, शेपट्या एकमेकींत गुंफून वाळवतात, आपल्याकडे लसणाच्या वेण्या टांगतात तशाच. १८६८च्या तहानं ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटांना दिला होता. १८७४मध्ये तिथं सोनं सापडलं आणि तहाची किंमत संपली. ठरवून दिलेल्या राखीव जागेत यायला नकार देणाऱ्या लाकोटांवर अमेरिकी सरकारनं सैन्य धाडलं.

सैनिक आल्याचं ऐकताच काठी टाकून ती तंबूकडे धावली. तिथं आईनं सांगितलं, धाकटा भाऊ वन हॉक मारला गेला. चुकलेला घोडा शोधायला तो सकाळीच बाहेर पडला होता. तिनं भावासाठी मृत्युगीत म्हटलं, तोंडाला लाल रंग फासला, दुखवट्यासाठी वेण्या सोडून केस मोकळे केले. तोवर गोळ्यांनी तंबूचे वासे फुटू लागले होते. वडिलांनी तिचा काळा घोडा आणून पुढ्यात उभा केला.

मी इथं नेहमी थांबते. मुलगा गेल्याची बातमी ताजी आहे आणि हा बाप मुलीला अडवत नाही, घोडा आणून देतो. त्या माणसाचं नाव क्रॉलर. ते लक्षात ठेवा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

(आठच दिवसांपूर्वी रोझबडच्या लढाईत भावाला घोड्यावर घेऊन बाहेर काढणारी बफेलो काफ रोड वुमन वेगळी. ती शायेन या दुसऱ्या जमातीची. दोघींची गल्लत फार होते.)

पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. अमेरिकी सैन्याचा अधिकारी कस्टर आणि त्याच्याबरोबरची तुकडी संपली.

१९३१मध्ये, सत्याहत्तराव्या वर्षी, तिनं ही हकिगत सांगितली. मी माझ्या पराक्रमाची बढाई मारलेली नाही, मी बाई आहे, पण माझ्या लोकांसाठी लढले, असं तिचं म्हणणं. वाचताना दर वेळी माझा गळा दाटून येतो. आपण तिला मुकुट घालायला निघतो. तिनं मात्र सांगितली ती काठी, ते मोकळे केस, तो काळा घोडा. आणि हेही, की त्या रात्री छावणीत विजयाचा नाच झाला नाही. लोक आपापल्या मेलेल्यांसाठी रडत होते.