दोन विषमांची बेरीज आणि एकच क

भाचीच्या वहीत परवा ही सिद्धता दिसली: ‘समजा, विषम संख्या २क + १. मग (२क + १) + (२क + १) = ४क + २ = २(२क + १). म्हणून दोन विषम संख्यांची बेरीज सम असते.’ शेजारी लाल शाईत बरोबरची खूण. मला काही ती खूण पटेना.

“आत्या, उत्तर तर बरोबर आलंय ना?”

उत्तर बरोबर येणारच, ते आधीपासून माहीत होतं. घोळ आहे तो दोन्हीकडे घेतलेल्या एकाच ‘क’चा. त्यामुळे सिद्ध झालं ते ३ + ३, ५ + ५, ७ + ७ यांच्यापुरतं, आणि कुठलीही पूर्ण संख्या स्वतःतच मिळवली की बेरीज सम येते; त्याला संख्या विषम असायची गरजच नाही. ३ + ५ ला या सिद्धतेने हातही लावलेला नाही.

सिद्धता तपासताना मला एक खोड आहे. ती सांगितल्यापेक्षा जास्तीचं काही सिद्ध करून बसलीये का, ते मी बघते. इथे शेवटी आलंय २(२क + १), म्हणजे एका विषम संख्येची दुप्पट. तिला ४ ने कधीच भाग जात नाही. पण ३ + ५ = ८, आणि ८ ला तर जातो! हे दाखवल्यावर भाचीने स्वतःच दुसरं अक्षर घेतलं: (२क + १) + (२म + १) = २(क + म + १). कंसात पूर्णांक, बाहेर २. झालं.

प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने हेच अक्षरांशिवाय केलंय. ‘एलिमेंट्स’च्या नवव्या खंडात तो म्हणतो, प्रत्येक विषम संख्येतून एक-एक काढून घ्या. उरतात त्या सम संख्या, आणि विषम संख्या एकूण मोजून सम भरत असतील तर काढलेल्या एकांची बेरीजही सम. मला ही मांडणी बीजगणितापेक्षा जास्त आवडते, कारण त्यात ‘क’चा गोंधळ व्हायला जागाच नाही.

मग भाचीने जे विचारलं त्यावर मात्र मी खूश झाले. “विषम म्हणजे २क + १ हे कुणी ठरवलं? आम्हाला तर २ ने भाग जात नाही ती विषम, असं शिकवलंय.”

दोन्ही व्याख्या चालतात, पण दोन्ही एकच आहेत हे आपोआप ठरत नाही. खुद्द युक्लिडने सातव्या खंडात त्या दोन्ही ‘किंवा’ने जोडून दिल्यात: जिचे दोन समान भाग होत नाहीत ती, किंवा जी सम संख्येपेक्षा एकाने वेगळी आहे ती. सगळा भार त्या ‘किंवा’वर आहे.

तो पेलायचा असा. ० सम आहे. एखादी संख्या २क असेल तर पुढची २क + १, आणि त्याच्या पुढची २क + २, म्हणजे २(क + १). शून्यापासून चालत गेलं की कुठलीच संख्या या दोन रूपांतून निसटत नाही. (ऋण संख्यांसाठी उलटं चालायचं.) एकच संख्या दोन्ही रूपांत बसेल का? तसं असेल तर २क = २म + १, म्हणजे २(क − म) = १, आणि दोन पूर्णांकांमधला फरक अर्धा. ते होणे नाही.

हे कीस काढणं वाटत असेल तर २ च्या जागी ३ घ्या. ३ ने भाग न जाणाऱ्या दोन संख्यांची बेरीज काय येते? १ + १ = २, भाग जात नाही. १ + २ = ३, जातो. काहीच नियम निघत नाही, कारण ‘भाग न जाणं’ इथे दोन तऱ्हांनी होतं: बाकी १ किंवा बाकी २. २ ने भागताना उरायची एकच तऱ्हा आहे, म्हणून तर विषमांची बेरीज इतकी शहाण्यासारखी वागते.

याचाच दुसरा उपयोग: वर्ग सम असेल तर संख्याही सम. सरळ जायला गेलात तर वर्गमुळात अडकता. उलटं जा. संख्या विषम असेल तर (२क + १)² = ४क² + ४क + १, म्हणजे वर्गही विषम. त्यामुळे सम वर्ग विषम संख्येकडून येऊच शकत नाही. २ चं वर्गमूळ अपरिमेय असल्याची, म्हणजे ते दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिताच येत नसल्याची, नेहमीची सिद्धता याच एका ओळीवर उभी आहे. ॲरिस्टॉटलनेही तिचा उल्लेख केलाय: चौरसाचा कर्ण आणि बाजू एकाच मापात मोजता आले, तर विषम संख्या सम संख्येइतकी होईल.

वरच्या वर्गाकडे अजून जरा बघा. विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून दोन विषम वर्गांच्या बेरजेची बाकी २. ती बेरीज सम आहे. ती वर्ग असेल तर सम संख्येचाच असणार, आणि सम संख्येच्या वर्गाला ४ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांकात असतील, तर काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू एकाच वेळी विषम कधीच नसतात. भाचीने लगेच ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ ताडून पाहिले, आणि मग विचारलं, की दोन्ही सम असल्या तर?