समईचे तारे

नाशिकच्या भांडी बाजारात काकांचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. मोबदला म्हणजे चहा आणि अधूनमधून उलटतपासणी. एक दिवस त्यांनी मोबाइल पुढे केला. "ह्या मुंबईवाल्याच्या परातीखाली गूगलवर पिवळे तारे दिसतात. आपल्या समईला का नाहीत?"

तारे आमच्या पानावरही होते, पण यंत्राला ती नुसती चित्रं. हा आकडा म्हणजे गुण, हा अभिप्रायांचा, असं एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यात, सांगावं लागतं. त्यासाठीची शब्दावली स्कीमा डॉट ऑर्गवर आहे. गूगल, बिंग आणि याहूने ती २०११ मध्ये मिळून सुरू केली. ती पानात लिहायची मायक्रोडेटा ही पद्धत मी घेतली. टॅगला, म्हणजे एचटीएमएलच्या खुणेला, आयटमस्कोप लावायचा, आयटमटाइपने वस्तूचा प्रकार सांगायचा, आयटमप्रॉपने एकेका आकड्याला नाव द्यायचं. गूगल जेसन-एलडी ही दुसरी पद्धत वापरा म्हणतं, पण त्यात आकडा वेगळ्या स्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहावा लागतो. दोन ठिकाणी लिहिलं की एक बदलायचं राहतं, हा माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आधी सगळं दुकानालाच लावून बसलो. मग कळलं, स्वतःच्या साइटवर स्वतःच्याच दुकानाचे तारे गूगल सप्टेंबर २०१९ पासून दाखवत नाही. रास्तच आहे म्हणा, आपलीच पाठ आपण किती थोपटायची! प्रकार बदलून प्रॉडक्ट केला. समई वेगळी, घंगाळ वेगळं.

तरी रिच रिझल्ट्स टेस्ट, म्हणजे हे लिखाण तपासणारं गूगलचं साधन, लालच. म्हणे रेटिंगव्हॅल्यू, म्हणजे गुणांचा आकडा, चुकीची. दोन संध्याकाळी मी अवतरणचिन्हं मोजत काढल्या. पानावर तर स्वच्छ ४.६ दिसत होतं. आणि घोडं तिथेच पेंड खात होतं! काकांच्या हट्टापायी साइटवरचे सगळे आकडे मराठी. आपल्याला चार म्हणजे चारच, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, देवनागरी ४ वेगळा आणि इंग्रजी चार वेगळा. स्कीमाच्या पानावर साफ लिहिलंय, आकडे इंग्रजीच वापरा, दशांशाला टिंब द्या, स्वल्पविराम नको. ते मी सुरुवातीलाच वाचायला हवं होतं.

मराठी आकडे काढायची काकांपुढे बात काढण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर मलाही ते आवडतात. सुदैवाने एचटीएमएलमध्ये डेटा नावाचा टॅग आहे. त्याच्या पोटात ४.६ तसंच ठेवलं, गिऱ्हाइकाला तेच दिसतं; त्याच टॅगच्या व्हॅल्यूमध्ये तोच आकडा इंग्रजीत लिहिला, यंत्र तो वाचतं. अभिप्रायांच्या १७ लाही तीच युक्ती. कमाल ५ आणि किमान १ न सांगताही धरले जातात, म्हणून ते लिहिलेच नाहीत.

टेस्ट हिरवी झाली. तरी तारे दाखवायचे की नाहीत हे शेवटी गूगलच्या मर्जीवर, म्हणून काकांना शब्द दिला नाही. तीन आठवड्यांनी समईखाली तारे उगवले.

"आणि घंगाळाला?"

"त्याला अजून एकही अभिप्राय नाही, काका."

"एवढंच ना? थांब, पुतण्याला सांगतो लिहायला."

मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.